ऑटोक्लेव्हच्या आधीचं काम



आजच्या भाषणासाठी आयोजकांनी मला विषय निवडायची मोकळीक दिली. निवृत्त सर्जन आहे, म्हणजे गाजलेल्या ऑपरेशनांच्या गोष्टी सांगेल, असा त्यांचा अंदाज असावा.  मी मात्र बोलणार आहे ते ऑपरेशन थिएटरच्या मागच्या मोरीबद्दल. टेबलावरून उतरलेली रक्ताळलेली हत्यारं तिथे जातात. तिथे त्यांचं काय होतं आणि ते कोण करतं, यावर पुढच्या पेशंटचं बरंच काही ठरतं.

नांदेडमध्ये या विषयावर बोलताना २०२३ साल टाळता येत नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर या दोन तारखांच्या दरम्यान, चोवीस तासांत, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची अनेक कारणं सांगितली गेली. त्यांचा निवाडा करायला मी उभा नाही, आणि हत्यारांशी त्यांचा संबंध होता असंही मी सुचवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं दृश्य. भेटीला आलेल्या एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली. रुग्णालयाची स्वच्छता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं, ते त्या दिवशी कळलं. फरशी, संडास, भिंतीवरच्या पिचकाऱ्या. त्या स्वच्छ असल्याच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण संडासाची घाण पेशंटला दिसते, नातेवाइकांना दिसते, कॅमेऱ्याला दिसते. रक्तवाहिनी पकडणाऱ्या चिमट्याच्या, आर्टरी फोर्सेपच्या बिजागरीत अडकलेला रक्ताचा कण यांपैकी कुणालाच दिसत नाही, आणि तो थेट पोटात जातो.

आपल्याकडे पोटाचं ऑपरेशन झाल्यावर टाके पिकले, की लोक दोन गोष्टी बोलतात. एक, पेशंटने पथ्य पाळलं नाही, भात खाल्ला. दोन, त्या डॉक्टरचा हातगुण चांगला नाही. भाताचा आणि टाक्यांचा काही संबंध नाही, हे मी नोकरीभर सांगत आलो. फारसं कुणी ऐकलं नाही. टाके पिकण्याची खरी कारणं पुष्कळ असतात. साखर वाढलेली असते, रक्त कमी असतं, ऑपरेशन लांबतं, अँटिबायोटिक चुकीच्या वेळी दिलं जातं, आतडं फुटून आधीच पू झालेला असतो. या यादीत हत्यारांची सफाई अगदी तळाला लिहिली जाते, कारण ती सिद्ध करणं अवघड असतं. ज्या चिमट्याने जंतू नेला तो चिमटा चार दिवसांत आणखी दहा पोटांत जाऊन आलेला असतो.

आता मूळ मुद्दा. ऑटोक्लेव्हमध्ये घातलं म्हणजे निर्जंतुक झालं, हा समज डॉक्टरांतही पक्का आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाचं भांडं. पाश्चरचे सहकारी चेंबरलँड यांनी ते १८७९ च्या सुमाराला तयार केलं आणि तत्त्व अजून तेच आहे. पंधरा पौंड दाबाला १२१ अंश, गुंडाळलेल्या सामानाला अर्धा तास. निर्वात पद्धतीच्या नव्या यंत्रात १३४ अंशांना चारेक मिनिटं. पण वाफ ज्या पृष्ठभागाला लागते त्याच पृष्ठभागावरचा जंतू मरतो. हत्यारावर रक्त, चरबी, ऊती वाळून बसलेली असेल तर आतला जंतू त्या थराखाली सुरक्षित राहतो, आणि उष्णतेने थर आणखी घट्ट होतो. करपलेल्या पिठल्याचं भांडं न घासता कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या दिल्या तर ते स्वच्छ होईल का, असं मी विद्यार्थ्यांना विचारायचो. मुली लगेच हसायच्या. मुलांना थोडा वेळ लागायचा.

म्हणजे पहिलं काम धुण्याचं. आणि धुणं हे दिसतं तितकं सोपं नाही. ऑपरेशन संपायच्या आधीच घड्याळ सुरू होतं. रक्त वाळायला अर्धा तास पुरतो. म्हणून टेबलावरच, टाके घालणं चालू असतानाच, वापरलेली हत्यारं ओल्या स्पंजने पुसायची आणि सक्शनच्या नळीतून साधं निर्जंतुक पाणी ओढून घ्यायचं. इथेच पहिली गफलत होते. हाताशी सलाइन असतं, म्हणून सलाइन वापरतात. सलाइन म्हणजे मीठ, आणि क्लोराइड स्टीलला खातं. ज्या हत्याराला आपण स्टेनलेस म्हणतो त्यावर बारीक खड्डे पडतात, त्या खड्ड्यांत पुढच्या वेळचं रक्त बसतं. ब्लीचिंगचं पाणीही हेच करतं. एड्सच्या भीतीच्या काळात सगळं सामान आधी ब्लीचमध्ये बुडवून ठेवायची सवय लागली. भीती समजण्यासारखी होती, पण तिने किती चांगल्या हत्यारांचा जीव घेतला याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

दुसरी गफलत गरम पाण्याची. कढत पाण्याने मळ लवकर निघतो हा घरचा अनुभव, तो इथे उलटतो. अंड्याचा बलक जसा उकळला की घट्ट होतो तसंच रक्तातलं प्रथिन गरम पाण्यात गोठतं आणि धातूला चिकटतं. आधी गार किंवा कोमट पाणी, मग एन्झाइमचं द्रावण, तेही बाटलीवर लिहिलेल्या मापाने आणि तितकाच वेळ. प्रत्येक बिजागरी उघडलेली. जे सुटं होतं ते सुटं केलेलं. नायलॉनचा ब्रश, पाण्याच्या पृष्ठभागाखाली चालवलेला, म्हणजे तुषार डोळ्यांत उडत नाहीत. तारेची घासणी मोरीत असताच कामा नये. पोकळ नळीला तिच्या व्यासाचा ब्रश लागतो. सैल ब्रश नुसताच आतून फिरून येतो. परवडत असेल तिथे अल्ट्रासॉनिक यंत्र, ज्यातले सूक्ष्म बुडबुडे बिजागरीच्या आतली घाण काढतात. मग भरपूर पाण्याने विसळणं, आणि पूर्ण वाळवणं. ओलं सामान गुंडाळलं तर वाफ नीट शिरत नाही आणि ऑटोक्लेव्हमधून सामानाचा ड्रम ओला निघतो. ओला निघालेला ड्रम निर्जंतुक समजायचा नसतो, पण सकाळी आठ वाजता पहिला पेशंट टेबलावर असताना हे सांगायची हिंमत किती सिस्टरना होते, ते इथे बसलेल्या सिस्टरनाच विचारा.

धुण्यानंतरची पायरी आपल्याकडे जवळजवळ नाहीच, ती म्हणजे तपासणं. मला याचं नवल वाटतं, कारण ही गोष्ट या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत, आणि त्याबरोबर शस्त्राचे आठ दोषही सांगितले आहेत. वाकडं, बोथट, तुटकं, खरबरीत धारेचं, फार जाड, फार बारीक, फार लांब, फार आखूड. शस्त्राची धार केस कापेल इतकी हवी, आणि ती टिकावी म्हणून शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या लाकडाची फळी वापरावी, इथपर्यंत तपशील आहे. जंतूंची कल्पना त्या काळी नव्हती, तेव्हा सुश्रुताला निर्जंतुकीकरण ठाऊक होतं असं म्हणायचा मोह मी टाळतो. पण हत्यार हातात घेऊन, उजेडात धरून, त्यात दोष आहे का हे पाहिल्याशिवाय रुग्णाला लावायचं नाही, ही शिस्त त्यात नक्की आहे. आपण सुश्रुताचे पुतळे उभारले आणि त्याची ही शिस्त सोडली.

तपासणी करायला लागतं काय? एक पांढऱ्या उजेडाचा दिवा, त्याला जोडलेलं भिंग, आणि बसायला खुर्ची. खुर्ची मी मुद्दाम म्हणतो, कारण हे काम उभ्याने, जाता जाता होत नाही. भिंगाखाली पहिल्यांदा बिजागरी पाहायची, मग फोर्सेपच्या जबड्यातले दाते, मग मुठीजवळचं रॅचेट, म्हणजे दातेरी खटका. पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडावरून बिजागरी पुसली तर तपकिरी रेघ उठते का ते दिसतं. शंका आली तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकायचा. फेस आला तर आत रक्त आहे. तपकिरी डाग गंज आहे की नुसता डाग, हे पेन्सिलीच्या खोडरबराने कळतं. खोडून गेला आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर तो डाग. खाली खड्डा दिसला तर गंज, ते हत्यार बाजूला काढायचं. आर्टरी फोर्सेप रॅचेटच्या पहिल्या दात्यावर लावून तळहातावर हलकेच आपटायचा. उघडला तर तो धमनीवरही उघडेल. नीडल होल्डरमध्ये सुई धरून दुसऱ्या दात्यावर लावायची आणि बोटाने फिरवून पाहायची. फिरली तर होल्डर गेलं. लॅप्रोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या हत्यारांवर विजेपासून संरक्षण देणारं काळं आवरण असतं. त्याला केसाएवढी चीर गेली की कॉटरीच्या विजेचा झटका नको तिथे, आतड्याला लागतो. ही भाजलेली जागा त्या वेळी कॅमेऱ्यात दिसत नाही. तीन-चार दिवसांनी पोट फुगतं तेव्हा कळते.

या कामासाठी एका सेटला दहा-पंधरा मिनिटं लागतात. हत्यार रुग्णाच्या पोटात गळून पडण्यापेक्षा ते टेबलावर निकामी ठरवणं स्वस्त, हे मी संस्थाचालकांना सांगायचो. ते मान हलवायचे आणि नव्या मॉनिटरचं कोटेशन दाखवायचे.

आता थोडं थांबून एका आजाराबद्दल बोलतो. तो आपल्या भागातल्या रुग्णांना फार फिरवतो, आणि सफाईत जरा ढिलाई झाली तर काय होतं ते याच्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही. पित्ताशयातल्या खड्याचं दुर्बिणीने ऑपरेशन होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट घरी जातो, टाके निघतात, सगळे खूश. तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छोट्या जखमेखाली गाठ येते. मग ती फुटते आणि पाण्यासारखा पू येतो. किनवट किंवा मुखेडहून पेशंट नांदेडला येतो. अँटिबायोटिक बदलून पाहतात. जखम उघडून साफ करतात, पुन्हा भरते, पुन्हा वाहते. पू लॅबला जातो आणि रिपोर्ट येतो, जंतूंची वाढ नाही. शेवटी तुकडा काढून तपासतात तेव्हा क्षयासारख्या गाठी दिसतात, आणि टीबीची औषधं सुरू होतात. महिने जातात. जखम तशीच.

हा जंतू टीबीच्याच कुळातला, पण टीबी नव्हे. मायकोबॅक्टेरियम चेलोनी, फॉर्च्युइटम, ॲब्सेसस अशी नावं. हे पाण्यात राहणारे जंतू आहेत. नळाच्या, टाकीच्या आतल्या चिकट थरात ते सुखाने राहतात, आणि पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. नेहमीचं कल्चर दोन दिवसांत टाकून देतात, यांची वाढ दिसायला त्याहून जास्त दिवस लागतात. टीबीची नेहमीची औषधं यांच्यावर चालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात, कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

मग हा पाण्यातला जंतू पोटात गेला कसा? दुर्बिणीची नाजूक हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये खराब होतील या भीतीने ती ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवतात. थिएटरात त्याला सगळे सायडेक्स म्हणतात, कंपनी कोणतीही असो. दोन टक्के द्रावणात वीस मिनिटं ठेवलं तर बरेचसे जंतू मरतात. बीजाणू मारायला दहा तास लागतात. पण दहा तास ठेवतो कोण? दोन ऑपरेशनांच्या मध्ये वीस मिनिटंही मुश्किलीने मिळतात. द्रावणाचं आयुष्य चौदा दिवसांचं. बाटलीवर तारीख लिहिलेली नसते, त्यामुळे चौदाचे एकवीस होतात. हत्यार सुटं न करता बुडवलं तर आतल्या दांडीपर्यंत द्रावण पोचतच नाही. आणि सगळ्यांत मोठी चूक यानंतरची. रसायन डोळ्यांना, ऊतींना झोंबतं म्हणून हत्यार विसळायचं असतं, आणि ते विसळलं जातं नळाच्या नाहीतर कालच्या उकळून ठेवलेल्या पाण्यात. म्हणजे निर्जंतुक करायला घेतलेल्या हत्यारावर शेवटचा हात फिरतो तो जंतूवाल्या पाण्याचा.

हे आपल्याच भागातलं दुखणं नाही. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो राज्यात २००६-०७ मध्ये या जंतूची साथच आली. एका वर्षात ६३ रुग्णालयांतून हजाराच्या वर संशयित रुग्ण निघाले, बहुतेक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचे. तिथला जंतू दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्येही जगत होता. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. दुर्बिणीची आजची बहुतेक धातूची हत्यारं ऑटोक्लेव्ह करता येतात, ती ऑटोक्लेव्हच करा. ज्यांना उष्णता सोसत नाही त्यांना प्लाझ्मा किंवा इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करा. रसायनात बुडवणं हा नाइलाजाचा मार्ग, आणि तो धरलाच तर विसळायला निर्जंतुक पाणी. आणि टाके बरे झाल्यावर महिन्याने पू आला तर टीबीची गोळी सुरू करण्याआधी लॅबला फोन करून सांगा, कल्चर टाकून देऊ नका, जास्त दिवस ठेवा.

डोळ्यांच्या ऑपरेशनात तर धुणंच उलटू शकतं. मोतीबिंदूच्या बारीक कॅन्युलात साबणाचा किंवा एन्झाइमचा अंश राहिला तर एकही जंतू नसताना दुसऱ्या दिवशी डोळा लाल, धूसर होतो. आणि जंतू राहिला तर दृष्टीच जाते. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका ट्रॉमा रुग्णालयात मोतीबिंदूची सात ऑपरेशनं झाली. सातही जणांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाला, आणि पाच जणांनी तो डोळा गमावला. हाही ओलाव्यात वाढणारा जंतू. उदगीर काय, लातूर काय, आपल्याकडे मोतीबिंदूची शिबिरं मोठी भरतात आणि त्यांनी हजारो म्हाताऱ्यांना दृष्टी दिली आहे. म्हणूनच शिबिराच्या बातमीत किती डोळे केले हा आकडा वाचताना मला दुसरा आकडा हवा असतो. मोतीबिंदू काढणाऱ्या फेको यंत्राचे हँडपीस किती होते, म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये ते धुवायला वेळ किती मिळाला?

पाण्याचा विषय निघाला आहे तर लातूरकडे वळतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर हार-तुरे घेऊन माणसं उभी होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, पण त्या काळात शहरातल्या शे-दोनशे दवाखान्यांच्या मोऱ्यांत हत्यारं कोणत्या पाण्याने आणि किती पाण्याने धुतली गेली असतील, हा प्रश्न मला अजून छळतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या निर्वात ऑटोक्लेव्हला एका फेरीला शेकडो लिटर पाणी लागतं. टँकर विकत घेणाऱ्या माणसाचा हात कुठे आखडतो, हे सांगायला नको. विसळण्यात.

पाणी आलं तरी ते बोअरचं. आपल्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक जागी जड, क्षाराचं. त्यात साबणाला फेस येत नाही, एन्झाइमचा जोर कमी पडतो, वाळल्यावर हत्यारावर पांढरट चट्टे राहतात आणि ऑटोक्लेव्हच्या हीटरवर खपल्या धरतात. चट्टे घालवायला मग कुणीतरी ॲसिड लावतं, आणि गंजाची सुरुवात होते. यावर उपाय माहीत आहे. शेवटचं विसळणं आणि ऑटोक्लेव्हचं पाणी आरओचं किंवा क्षारमुक्त ठेवायचं. बऱ्याच दवाखान्यांत डॉक्टरांच्या केबिनमध्ये पिण्यासाठी आरओ असतोच. तो मोरीतही हवा, इतकंच. आणि विजेचं काय? फेरी चालू असताना वीज गेली तर ती फेरी बाद, पुन्हा पहिल्यापासून. मधूनच पुढे चालू करून हिशेब जुळवणं, याला माझ्याकडे माफी नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगतो आहे तिथे येतो. धुणारी माणसं आळशी असतात, त्यांना प्रशिक्षण द्या, पाट्या लावा, असं प्रत्येक बैठकीत ऐकलं आहे. माझं मत वेगळं आहे. सफाई बिघडते ती बहुतेक वेळा हत्यारांचे सेट कमी असल्यामुळे. साधं गणित मांडतो. एक दवाखाना आहे, एकाच प्रकारच्या ऑपरेशनांचे दोन सेट आहेत. सकाळी नऊपासून दर पाऊण तासाला एक, अशी सहा ऑपरेशनं लावली आहेत. पहिला सेट पावणेदहाला मोकळा झाला. भिजवणं, घासणं, विसळणं, वाळवणं, तपासणं, बांधणं, ऑटोक्लेव्ह, गार होणं, सगळं नीट केलं तर निदान अडीच तास. म्हणजे तो सव्वाबाराला तयार. आणि तिसरं ऑपरेशन आहे साडेदहाला. अडीच तासांचं काम पाऊण तासात करायचं आहे. कशातून वेळ कापला जाईल? ऑटोक्लेव्हची मिनिटं यंत्र ठरवतं, ती कापता येत नाहीत. कापली जातात ती हाताची कामं. हत्यारं धुणाऱ्या मावशीला तुम्ही वर्षभर प्रशिक्षण दिलंत तरी ती घड्याळ मागे फिरवू शकत नाही. या दवाखान्याला पाच सेट लागतात, नाहीतर तिसरं ऑपरेशन सव्वाबारापर्यंत थांबवावं लागतं. तिसरा मार्ग नाही.

हे गणित सरकारलाही माहीत आहे. स्त्रियांच्या नसबंदीच्या नियमांत एका सर्जनने एका दिवसात तीसच दुर्बिणीची ऑपरेशनं करावीत, आणि तीही तीन लॅप्रोस्कोप असतील तर, असं लिहिलेलं होतं. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या शिबिरांत १३ जणी दगावल्या. त्यांना दिलेल्या गोळ्यांत विष होतं की हत्यारांतून संसर्ग झाला, यावर वाद झडला. पण काही तासांत ८३ ऑपरेशनं म्हटल्यावर हत्यारांची सफाई कितपत झाली असेल, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. पुढे २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. लक्ष्य गाठल्याबद्दल शिबिरांचे सत्कार आपल्या जिल्ह्यांनीही एकेकाळी केले आहेत, हे विसरू नका.

आणि धुणारा माणूस. शासकीय रुग्णालयात तो मामा असतो, ती मावशी असते. वर्ग चारचं पद, तेही अनेकदा रिकामं किंवा कंत्राटी. खासगीत जवळच्या गावातली बारावी झालेली मुलगी असते, जी सकाळी केसपेपर काढते, दुपारी हत्यारं धुते आणि रात्री वॉर्ड बघते. लातुरात विवेकानंद रुग्णालय १९६६ मध्ये उभं राहिलं, विष्णुपुरीचं महाविद्यालय १९८८ चं, लातूरचं शासकीय महाविद्यालय २००२ चं. नांदेडची डॉक्टर लेन आज कुठून कुठे पसरली आहे ते तुम्ही पाहता. या साऱ्या काळात सर्जन वाढले, भूलतज्ज्ञ आले, यंत्रं आली. मोरीतल्या माणसाचं पद, पगार आणि नाव मात्र तिथेच आहे. हत्यारं धुणाऱ्या बाईच्या हातात सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो. तिला लशीचे तीन डोस दिलेत का, हे मी गेल्या काही वर्षांत ज्या ज्या दवाखान्यात पाहुणा म्हणून गेलो तिथे विचारलं. उत्तर द्यायच्या आधी बहुतेक जण मॅनेजरकडे बघायचे.

गठ्ठ्यावरची निर्जंतुकीकरणाची पट्टी काळी पडली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांना एकच सांगतो. पट्टी सांगते की गठ्ठ्याला उष्णता लागली. आत वाफ पोचली का हे आतल्या पट्टीवरून कळतं, आणि बीजाणू मेले का हे जिओबॅसिलसच्या चाचणीवरून. हत्यार धुतलेलं होतं का, हे यांपैकी कोणतीच पट्टी सांगत नाही. ते फक्त भिंगाखाली पाहणारी व्यक्ती सांगू शकते. म्हणून प्रत्येक सेटवर तिची सही हवी, आणि खराब हत्यार बाजूला काढण्याचा अधिकार तिला हवा. सर्जन चिडला तरी. भारत सरकारने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग नियंत्रणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत निर्जंतुकीकरणाची खात्री करण्याचं कलम आहे. कागद भरपूर आहे. त्या यादीवर टिकमार्क करताना सर्जनने एकदा ट्रेकडे वळून पाहावं, एवढी माझी माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे.

इथे बसलेल्या रुग्णालयांच्या मालकांना आणि विश्वस्तांना मी मागणी करतो. पुढच्या वर्षीच्या खरेदीत कॅमेरा आणि मॉनिटरच्या आधी हत्यारांचे सेट, मोरीतला आरओ, एक भिंगाचा दिवा आणि एक खुर्ची लिहा. आणि नागरिकांनो, तुम्हाला मोठ्या हौसेने नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला बोलावतात. फीत कापून झाली, पेढा खाल्ला, की थिएटरची मागची खोली दाखवा म्हणा, आणि तिथे काम करणाऱ्या बाईंचं नाव विचारा.